वारशात आलेली सोन्याची नाणी विकताना : सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सोलापूर शहरात किंवा आसपासच्या तालुक्यांत वडीलधाऱ्यांच्या पश्चात घरची तिजोरी अथवा बँकेचा लॉकर उघडला, की दागिन्यांच्या डब्यांबरोबर एखाद्या पुरचुंडीत सोन्याची नाणीही निघतात. हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्याच्या पूर्वेला निजामाचे राज्य होते, दक्षिणेला विजापूर होते आणि कापूस, कापड व धान्याचा व्यापार या सगळ्या मुलखांशी चालत असे. त्यामुळे एकाच पुरचुंडीत इंग्रजी गिन्या, हैदराबादची अशरफी, आजीच्या माळेतून सुटलेल्या पुतळ्या आणि अलीकडे बँकेतून घेतलेले पाकीटबंद नाणे असे सारे एकत्र सापडणे मुळीच नवलाचे नाही. अशी पुरचुंडी तशीच उचलून सराफाच्या काट्यावर ठेवणे ही नवख्या माणसाची पहिली ऊर्मी असते, आणि बहुतेक नुकसान तिथेच होते.

याचे कारण असे, की सोन्याच्या नाण्याला दोन भाव असतात. एक त्यातल्या सोन्याचा, जो वजन, कस आणि त्या दिवसाचा दर यांवरून कोणालाही काढता येतो. दुसरा नाणे म्हणून असलेला भाव, जो ते किती दुर्मीळ आहे, कोणत्या टांकसाळीचे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ते हवे असणारे संग्राहक किती आहेत यांवर ठरतो. बहुसंख्य नाण्यांचा दुसरा भाव पहिल्यापेक्षा थोडासाच वर असतो. पण काही मोजक्या नाण्यांच्या बाबतीत तो कित्येक पटींनी जास्त असतो. सराफाचा व्यवसाय सोन्याचा आहे आणि तो सोन्याचा भाव देतो, त्यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. कोणते नाणे कोणत्या भावाने विकायचे हे विकणाऱ्याने घरीच ठरवून मग पायरी उतरायची असते. ते कसे ठरवावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : नाणी कोणाची आहेत हे कागदावर आणणे

मृत व्यक्तीने मृत्युपत्र केले असेल तर नाणी त्यात नाव असलेल्याची. ते नसेल तर हिंदू कुटुंबात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित संपत्तीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा सारखा वाटा असतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा वाटा कमी होत नाही. लॉकरला ज्याचे नामनिर्देशन आहे तो बँकेकडून वस्तू ताब्यात घेऊ शकतो, परंतु त्यामुळे तो एकटा मालक ठरत नाही. ही गोष्ट अनेक घरांत माहीत नसते आणि नाणी विकून झाल्यावर बहीण-भावांत कायमचे वितुष्ट येते, म्हणून तिचा उल्लेख सर्वांत आधी केला आहे.

सर्व वारसांसमोर नाण्यांची यादी करावी. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे आणि यादीखाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कोण विकणार, रक्कम कशी वाटली जाणार आणि कोणती नाणी आठवण म्हणून ठेवली जाणार, हेही त्याच वेळी संमतीपत्रात नोंदवावे.

त्याच तिजोरीतले जुने कागद टाकून देऊ नयेत. १९६३ पासून सुवर्ण नियंत्रणाच्या काळात दागिन्यांव्यतिरिक्तचे सोने सरकारला जाहीर करावे लागत असे, आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्या काळातले एखादे जाहीरपत्र, २०१५ पर्यंत लागू असलेल्या संपत्ती कराच्या विवरणाची प्रत किंवा जुना मूल्यांकन अहवाल सापडला, तर नाणी घरात कधीपासून आहेत याचा तो उत्तम पुरावा ठरतो. असा पुरावा पुढे खरेदीदारालाही हवा असतो आणि आयकरालाही.

एक अपवाद मात्र ध्यानात घ्यावा. जुना वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली नाणी सापडली, तर ती वारशाची म्हणून थेट विकता येत नाहीत. १८७८ च्या भूमिगत निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पूर्वजांनीच तो पुरला असेल, तरी ते ठरवण्याचा रीतसर मार्ग तोच आहे.

दुसरी पायरी : नाण्यांना हात लावण्यापूर्वी

नाणी स्वच्छ करू नयेत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नाणी ताम्हनात मांडून त्यांना हळद-कुंकू वाहण्याची रीत आहे, त्यामुळे अक्षरांच्या खोबणीत कुंकू घट्ट बसलेले असते आणि विकण्याआधी चिंच, रिठा किंवा भांड्यांची पावडर लावून ते घासून काढण्याचा मोह होतो. या घासण्याने पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा उठतात. उजेडात नाणे तिरके धरले की संग्राहकाला त्या लगेच दिसतात आणि नाण्याचा भाव घसरून सोन्याच्या भावावर येतो. कुंकू तसेच राहू द्यावे. जाणकार खरेदीदाराला त्याची अडचण वाटत नाही. फारच माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून, न घासता, मऊ कापडावर टिपून घ्यावे.

नाणे कडेने धरावे, प्रत्येकासाठी वेगळे पाकीट वापरावे. माळेला किंवा लॉकेटला डाग दिलेली, म्हणजे कडी जोडलेली नाणी असतील, तर ती कडी स्वतः काढू नये आणि ओळखीच्या कारागिराकडूनही काढून घेऊ नये. कडी जोडल्याने नाण्याचे नुकसान झालेलेच असते. ती उपटल्याने त्यात भर पडते. बँकेच्या किंवा एमएमटीसी या सरकारी कंपनीच्या पाकिटातली नाणी पाकीटबंदच राहू द्यावीत, कारण सीलबंद पाकिटावर शुद्धता आणि वजन छापलेले असल्यामुळे घासाघीस कमी होते.

तिसरी पायरी : ओळख

या पायरीवर वेळ खर्च करावा. भिंग, चांगला उजेड आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा एवढे साहित्य पुरते.

आपल्या घरांत जिला गिनी म्हणतात ती बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असते. तिचे ठरलेले वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर आणि सोने २२ कॅरट, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चोख. एका पूर्ण वजनाच्या गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड किंवा पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला मारणारा संत जॉर्ज दिसतो. वजन ७.९४ ग्रॅमपेक्षा कमी भरले, तर नाणे जास्त झिजले आहे किंवा त्याची कड कोणीतरी कानसीने घासली आहे असे समजावे. इंग्लंडातही यापेक्षा हलके नाणे चलनात ग्राह्य धरत नसत. अर्धी गिनी याच्या निम्मी, ३.९९ ग्रॅमची असते.

गिनीवर पाहण्याची खरी जागा घोड्याच्या टापांखालची जमीन आहे. तिथे, सालाच्या आकड्यांच्या वर, कधी कधी एक अतिशय बारीक इंग्रजी अक्षर असते. एस म्हणजे सिडनी, एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ, एसए म्हणजे दक्षिण आफ्रिका, सी म्हणजे कॅनडा आणि आय म्हणजे भारत. आय हे अक्षर फक्त १९१८ सालच्या गिनीवर आढळते, कारण मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा थोडाच काळ चालली आणि तिथे सुमारे तेरा लाख गिन्या पाडल्या गेल्या. हे नाणे अतिदुर्मीळ नाही, तरी भारतीय संग्राहकांना ते हवे असते आणि सोन्याच्या भावावर काहीतरी अधिक मिळते. अक्षर नसेल तर नाणे सहसा लंडनचे असते. काही टांकसाळींची काही साले खरोखर दुर्मीळ आहेत, त्यामुळे प्रत्येक गिनीचे साल आणि अक्षर यादीत लिहिणे हे कंटाळवाणे वाटले तरी करावे.

१९१८ सालाचेच, पाचव्या जॉर्जचे मुकुटधारी चित्र असलेले आणि मागे पंधरा रुपये असे मूल्य लिहिलेले नाणे निघाले, तर ते वेगळे काढून ठेवावे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईत पाडलेल्या या नाण्याचे वजन आणि कस गिनीइतकाच आहे. पण संग्राहक त्याला गिनीपेक्षा जास्त मोल देतात, आणि नेमके हेच नाणे काट्यावर गिन्यांच्या ढिगात मिसळून जाते.

मोहोर गिनीपेक्षा मोठी, बरोबर एक जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाची आणि २२ कॅरटची असते. ईस्ट इंडिया कंपनीची १८३५ किंवा १८४१ सालाची मोहोर, तसेच १८६२ पासूनची व्हिक्टोरियाची मोहोर, या सगळ्यांना नाणे म्हणून चांगला भाव आहे. १८७७ पासून व्हिक्टोरियाच्या नावापुढे क्वीनऐवजी एम्प्रेस असे लिहिलेले असते. यांतील काही नाण्यांचे जुन्याच ठशांवरून टांकसाळीने नंतर पुनर्मुद्रण केलेले आहे आणि अस्सल व पुनर्मुद्रित यांतला भेद अनुभवी डोळ्यांनाच कळतो. मोहोर निघाली तर ती सराफाकडे मोडायला नेऊ नये, एवढेच ठाम सांगता येते.

हैदराबादची अशरफी तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट या बाजूशी नाते असलेल्या घरांत सापडू शकते. तिच्यावर चारमिनार असतो, वजन सुमारे ११.२ ग्रॅम असते, आणि अर्धी, पाव व अष्टमांश अशी तिची लहान नाणीही आहेत. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असते: मीम असेल तर मीर महबूब अली खान, ऐन असेल तर मीर उस्मान अली खान. साल हिजरी असते. १३३७ हिजरी म्हणजे १९१८-१९. अंक वाचता येत नसतील तर उर्दू जाणणारे लोक सोलापुरात घरोघरी आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्यावे.

पुतळ्यांच्या बाबतीत मोठी गल्लत होते. अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट: सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ चोख सोन्याचे, एका बाजूला संतापुढे गुडघे टेकून बसलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांच्या मधोमध उभी असलेली येशूची आकृती. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले. पण या नाण्याला इथे एवढी मागणी होती, की त्याच्या हुबेहूब आणि कमीजास्त हुबेहूब नकला भारतातच होऊ लागल्या, ज्यांवरची अक्षरे निव्वळ रेघोट्या असतात. त्यानंतर देवदेवतांच्या आकृत्यांच्या पुतळ्या आल्या आणि अलीकडच्या तर पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या, आतून पोकळ असतात. एकाच माळेत हे सगळे प्रकार असू शकतात. माळ सबंध मोडण्याऐवजी प्रत्येक पुतळीचे वजन वेगळे घ्यावे. साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या आणि पोकळ नसलेल्या पुतळ्या बाजूला काढाव्यात.

होन हे लहान, जाड नाणे. विजयनगरचे होन सुमारे ३.४ ग्रॅमचे असतात आणि त्यांवर बहुधा देवदेवतांच्या जोड्या दिसतात. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळचा, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती अशी अक्षरे असलेला होन मात्र इतका दुर्मीळ आहे, की घरात तसे नाणे असल्याची खात्री वाटली तरी आधी ती प्रतिकृती असेल असेच धरून चालावे आणि एखाद्या नामांकित लिलावसंस्थेच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. रामदरबाराच्या टंका, म्हणजे पूजेसाठी पाडलेली नाणी, आणि कलमा कोरलेल्या मुघल मोहोरा यांनाही हेच लागू आहे. त्यांच्या नकला बाजारात उदंड आहेत आणि कोट्यवधींच्या किमतीच्या कहाण्या त्याहूनही अधिक आहेत.

पेढीच्या नावाची, लक्ष्मी-गणपतीच्या ठशाची किंवा बँकेची आधुनिक नाणी ही निव्वळ सोने आहेत. बँका ही नाणी विकतात, परत विकत घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेची त्यांना तशी परवानगी नाही. ती ज्या पेढीतून घेतली तिची पावती असेल तर तिथेच आधी विचारावे.

चौथी पायरी : वजन आणि कस

घरच्या घरी कस अजमावण्याचा एक जुना आणि निर्धोक उपाय पाण्याचा आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा, बारीक दोऱ्याने नाणे बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे हाताने धरावे, आणि काट्यावरचा आकडा वाचावा. हवेतले वजन या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. ७.९८ ग्रॅमची गिनी पाण्यात ०.४५ च्या आसपास आकडा दाखवते, म्हणजे घनता साडेसतरा ते अठराच्या दरम्यान येते, आणि २२ कॅरट सोन्याची ती तेवढीच असते. पितळेवर मुलामा दिलेले त्याच वजनाचे नाणे ०.९० च्या पुढचा आकडा दाखवील. कडी जोडलेल्या नाण्याला आणि पोकळ पुतळीला हा उपाय चालत नाही. आणि नाणे अस्सल टांकसाळीचे आहे की कोणी खऱ्या सोन्यातच पाडलेली नक्कल आहे, हेही त्यावरून कळत नाही. गतशतकाच्या मध्याला लेबनॉनकडे पूर्ण कसाच्या बनावट गिन्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या होत्या, हे इथे सांगितले पाहिजे. अशा गिनीला सोन्याचा भाव मिळतो, नाण्याचा मिळत नाही.

त्यानंतर यंत्रावर तपासणी करावी. हॉलमार्किंग केंद्रात किंवा मोठ्या पेढीत क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्राने नाण्याला ओरखडाही न काढता टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, काढता येतो. तिथे दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: नाणे वितळवायचे नाही, आणि कसोटीच्या दगडावर घासायचे नाही. आकड्यांची छापील चिठ्ठी मागून घ्यावी आणि तिच्यावर यादीतला क्रमांक लिहावा.

पाचवी पायरी : हिशेब आधी घरी

समजा, ज्या दिवशी विकायचे त्या दिवशी २४ कॅरट सोन्याचा दर दहा ग्रॅमला एक लाख रुपये आहे. हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे, खरा दर त्या दिवशीचा पाहावा. ७.९८ ग्रॅमच्या गिनीत चोख सोने ७.३१५ ग्रॅम, म्हणून तिची धातूची किंमत ७३,१५० रुपये. आता दुकानात जुने सोने म्हणून ते वीस कॅरट धरले, तर तेच नाणे ६६,५०० रुपयांचे होते. एका नाण्यात ६,६५० रुपये गेले, म्हणजेच अकरा गिन्यांमागे एक गिनी फुकट दिली. टंच बरोबर धरून चार टक्के घट कापली, तरी सुमारे २,९०० रुपये जातात. जुन्या दागिन्यात डाग, लाख, खडे असल्यामुळे घट धरणे समजण्यासारखे आहे. ठरलेल्या कसाच्या अखंड गिनीला तितकी घट लावण्याला आधार नाही, आणि हे नम्रपणे पण ठामपणे बोलून दाखवावे.

तोळ्याच्या भाषेतही सावध असावे. बाजारात आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे बोलले जाते, घरातल्या जुन्या वहीतला तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा आहे. सगळा व्यवहार ग्रॅममध्येच करावा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन सकाळ-संध्याकाळ दर जाहीर करते, तो आणि स्थानिक सराफ बाजाराचा दर दोन्ही पाहून निघावे. सराफाने सांगितलेला दर विकण्याचा आहे की घेण्याचा, हे आधी विचारावे. दोन्हींत फरक असतो.

सहावी पायरी : कोणाकडे जावे

निव्वळ सोन्याच्या किमतीची नाणी, म्हणजे नेहमीच्या सालांच्या झिजलेल्या गिन्या, कडी जोडलेली नाणी, पोकळ पुतळ्या आणि आधुनिक नाणी, सोलापुरातच विकावीत. पूर्व मंगळवार पेठेतल्या सराफ कट्ट्यावर जवळजवळ असलेल्या पेढ्यांत एकाच सकाळी किमान तीन ठिकाणी भाव घेता येतो. जाताना दोघांनी जावे, नमुन्यासाठी दोनच नाणी न्यावीत, आणि बोलण्याची सुरुवात साधारण अशी करावी: “शेठ, गिन्या आहेत, वजन आणि टंच काढून आणलाय. मोडीचा भाव नको, बावीस कॅरटने काय द्याल आणि घट किती धराल, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.” इतके बोलल्यावर समोरच्या माणसाला कळते, की हिशेब केलेला ग्राहक आला आहे. जुन्या पेढीवरचा माणूस नाणे बोटांत फिरवील, कडेवरून नख ओढील, काचेवर हळूच टेकवून आवाज ऐकेल. हे सगळे डोळ्यांसमोर चालू द्यावे, नाणे आतल्या खोलीत जाऊ देऊ नये. काटा शून्यावर आहे का ते पाहावे आणि प्रत्येक नाणे वेगळे जोखायला लावावे.

नव्या दागिन्यांच्या बदल्यात दिले तर जास्त भाव देऊ, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. त्या दागिन्याची मजुरी आणि त्यावरचा तीन टक्के जीएसटी मोजल्यावर तो जास्तीचा भाव बहुतेक वेळा उरत नाही. दागिना घ्यायचाच असेल तर गोष्ट वेगळी. पैसे हवे असतील तर पैशांचाच व्यवहार करावा. खासगी व्यक्तीने घरचे जुने सोने विकले तर त्या विक्रीवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे त्या नावाखाली काही कापू देऊ नये.

नाणे म्हणून मोल असलेले सारे, म्हणजे मोहोरा, पंधरा रुपये, अशरफ्या, डुकाट, होन आणि दुर्मीळ सालांच्या गिन्या, यांना लिलावाची वाट चांगली. मुंबईत टोडीवाला ऑक्शन्स, बेंगळुरूत मरुधर आर्ट्स, अहमदाबादेत क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा संस्था नाण्यांचे लिलाव नियमित भरवतात, आणि त्यांच्या मागच्या लिलावांतले भाव पाहता येतात. आपल्यासारखेच नाणे, त्याच सालाचे, त्याच अवस्थेचे, काय किमतीला गेले हे तिथे शोधावे. अवस्था हा शब्द इथे कळीचा आहे. नव्यासारख्या मोहोरेचा भाव पाहून झिजलेल्या मोहोरेकडून तीच अपेक्षा ठेवली, की पुढे पदरी निराशा येते.

आधी छायाचित्रे आणि वजने पाठवून प्राथमिक अंदाज मागवावा. मग विक्रेत्याकडून किती टक्के दलाली घेतात, त्यावर कर किती, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती किंमत, कोण ठरवणार, नाणे न विकले गेल्यास काय, विमा कोणाचा आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे सगळे लेखी घ्यावे. लिलावात पैसे हातात यायला काही महिने जातात. ज्यांना मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी तातडीने रक्कम हवी आहे, त्यांनी आधी साधी नाणी विकून गरज भागवावी आणि दुर्मीळ नाण्यांना वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सोने साध्या कुरिअरने पाठवू नये. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येते. नाणी अंगाजवळच्या पिशवीत, यादीची आणि संमतीपत्राची प्रत सोबत, आणि हातात नाणी देताना संस्थेकडून क्रमांकवार पोचपावती, एवढे पाळावे.

परदेशात भाव जास्त येतो म्हणून अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा पुतण्याकडे नाणी देण्याचा विचार काही घरांत होतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. १९१८ ची गिनीही आता त्यात मोडते.

फोनवरून किंवा समाजमाध्यमांवर जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ करणारे, आणि त्यासाठी आधी नोंदणीची फी किंवा कर भरायला सांगणारे, यांच्याशी बोलणेही वाढवू नये. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतःच्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले होते. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही.

सातवी पायरी : पैसे आणि कर

पैसे बँकेतूनच घ्यावेत. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्यालाच होतो. शिवाय व्यापाऱ्याने एका व्यक्तीला दिवसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च त्याला करासाठी धरता येत नाही, म्हणून रीतसर पेढी स्वतःच रोखीला नकार देते. दोन लाखांवरच्या व्यवहाराला पॅन लागतो. खरेदीची पावती, जिच्यावर नाण्याचे नाव, संख्या, वजन, टंच, दर आणि कापलेली घट वेगवेगळी लिहिलेली आहे अशीच घ्यावी. “जुने सोने” एवढेच लिहिलेली पावती स्वीकारू नये.

वारशाने मिळालेल्या नाण्यांवर मिळताना कर नसतो, विकताना भांडवली नफ्यावर असतो. पूर्वजांकडे ती जितका काळ होती तो काळही धरला जात असल्याने हा नफा जवळजवळ नेहमी दीर्घ मुदतीचा ठरतो आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर त्याचा दर साडेबारा टक्के अधिक उपकर असा आहे. महागाईच्या निर्देशांकाची सवलत आता मिळत नाही. नाणी १ एप्रिल २००१ पूर्वीपासून घरात असतील, तर त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्या काळी सोने दहा ग्रॅमला चार-साडेचार हजार रुपयांच्या घरात होते, त्यामुळे साध्या गिन्यांच्या बाबतीत वजावट थोडीच मिळते. दुर्मीळ नाण्यांची मात्र २००१ ची किंमत सोन्याच्या दरापेक्षा जास्त असू शकते, म्हणून ती नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून लेखी काढून घेणे फायद्याचे असते.

अनेक वारस असतील तर खरेदीदाराला प्रत्येकाच्या नावाने त्याच्या वाट्याप्रमाणे रक्कम द्यायला सांगावे. सगळी रक्कम थोरल्या भावाच्या खात्यात आली आणि त्याने ती नंतर वाटली, तर आयकर विभागाच्या नोंदीत सारा नफा त्याच्या एकट्याच्या नावावर दिसतो आणि खुलासे करत बसावे लागते. विक्री झालेल्या आर्थिक वर्षाच्या विवरणात हा नफा दाखवावा, आगाऊ कर लागतो का हे कर सल्लागाराला वेळेवर विचारावे, आणि यादी, संमतीपत्र, टंचाच्या चिठ्ठ्या, तिन्ही पेढ्यांचे लेखी भाव व अंतिम पावती एकाच फाइलीत ठेवून तिची एक प्रत प्रत्येक वारसाला द्यावी.